आल्फ्रेड बिने : मुलांना प्रश्न विचारणारा माणूस

मानसशास्त्राच्या क्रमिक पुस्तकात आल्फ्रेड बिने ह्याच्या वाट्याला अर्धे पान येते. त्या पानाच्या तळाशी चौकटीत बुद्ध्यंकाचे सूत्र छापलेले असते. मानसिक वय भागिले शारीरिक वय, गुणिले शंभर. आपण ते पाठ करतो, टीपा लिहितो आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतो. मीही तेच केले. नंतर ग्रंथालयात बसून थोडे अधिक वाचले तेव्हा कळले, की हे सूत्र बिनेचे नव्हेच. भागाकाराची कल्पना विल्यम स्टर्न ह्या जर्मन मानसशास्त्रज्ञाची, १९१२ सालची. शंभराने गुणण्याची रीत अमेरिकेतील लुईस टर्मनने १९१६ साली रूढ केली. बिने तर १९११ सालीच वारला होता. मग ह्या माणसाने केले तरी काय, ह्या कुतूहलातून हा लेख लिहिला आहे.

बिनेचा जन्म जुलै १८५७ मध्ये नीस ह्या समुद्रकाठच्या शहरी झाला. हे शहर त्या वेळी सार्डिनियाच्या राज्यात होते. तीन वर्षांनी ते फ्रान्सकडे आले. वडील डॉक्टर, आई चित्रकार. दोघांचे पटले नाही व ती विभक्त झाली. आल्फ्रेड आईपाशी वाढला. तो लहानपणी फार भित्रा होता. त्याला धीट करावे म्हणून वडिलांनी एकदा प्रेताला हात लावायला लावला, अशी हकीकत त्याच्याविषयी सांगतात. पंधराव्या वर्षी आईने त्याला शिक्षणासाठी पॅरिसला नेले. १८७८ साली त्याने कायद्याची पदवी घेतली, पण वकिली केली नाही. वैद्यकाचा अभ्यास सुरू केला, तोही अर्ध्यावर टाकला. मध्यंतरी प्रकृतीने दगा दिला. अशा रिकामपणात तो पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जाऊन बसू लागला आणि तिथे त्याला मानसशास्त्राची पुस्तके सापडली. ह्या विषयाचे रीतसर शिक्षण त्याने कधीच घेतले नाही. घरची सुस्थिती होती म्हणून हे साधले, हेही सांगितले पाहिजे. दोन अभ्यासक्रम सोडून ग्रंथालयात बसणाऱ्या मुलाला आमच्या घरी काय ऐकावे लागले असते, ते लिहिण्याची गरज नाही!

१८८३ च्या सुमारास तो साल्पेत्रिएर ह्या पॅरिसच्या प्रचंड रुग्णालयात दाखल झाला. तिथे शार्को ह्या जगप्रसिद्ध डॉक्टरचे राज्य होते. उन्माद झालेल्या स्त्रियांना संमोहित करून त्यांच्यावर प्रयोग चालत आणि ते पाहायला पॅरिसमधील बडी मंडळी जमत. बिने आणि त्याचा सहकारी शार्ल फेरे ह्यांनी एक विलक्षण शोध लावला. निदान त्यांना तसे वाटले. संमोहित रुग्णाच्या उजव्या अंगाला आलेला लुळेपणा लोहचुंबक जवळ आणताच डाव्या अंगात सरकतो, एवढेच नव्हे तर रडणाऱ्या रुग्णाला चुंबकाने हसूही येते! त्यांनी लेख लिहिले, पुढे १८८७ साली पुस्तकही काढले.

लिएज येथील देल्बफ हा बेल्जियन पंडित हे प्रयोग पाहायला आला. त्याने पाहिले ते असे. प्रयोग करणारे रुग्णासमोर मोठ्याने बोलत होते. आता काय होणार, कोणता हात हलणार, ह्याची चर्चा तिच्या कानांवर पडत होती आणि चुंबक तर डोळ्यांसमोरच होता. घरी परत जाऊन देल्बफने रुग्णाला काही कळू न देता तेच प्रयोग केले. चुंबकाची सारी जादू नाहीशी झाली. त्याने ते जाहीरपणे छापले. बिनेने आधी वाद घातला, पण पुढे काही वर्षांनी त्याला मान्य करावे लागले, की आपण चुंबकाची शक्ती मोजत नव्हतो. आपल्याला कोणते उत्तर हवे आहे हे रुग्णाला कळत होते आणि ती बिचारी तेच देत होती.

१८९० साली त्याने साल्पेत्रिएर सोडले. वय तेहेतीस, नाव झाले होते ते बदनामीसह. मला वाटते, बिनेच्या आयुष्यातील सर्वांत मोठी घटना हीच. पुढील वीस वर्षांत त्याने जे जे केले, त्याच्या मुळाशी ही फजिती आहे. प्रश्न विचारणारा माणूसच उत्तर देणाऱ्याच्या तोंडी उत्तर घालतो, ही गोष्ट त्याच्या मनावर कोरली गेली.

ह्याच काळात तो घरी बसून आपल्या दोन मुलींचे निरीक्षण करीत होता. मादलेन १८८५ सालची, आलिस १८८७ सालची. चालायला शिकताना मादलेन आधारासाठी पुढे काय आहे ते पाहून मगच पाऊल टाकी. आलिस मात्र कुठे पडू ह्याचा विचार न करता सरळ निघे. दोघी एकाच घरातल्या, दोघी हुशार, पण विचार करण्याची तऱ्हा अगदी निराळी. दिव्याच्या ज्योतीकडे किती क्षणांत पाहिले, टाचणी कुठे टोचली हे किती अचूक सांगितले, अशा बारीकसारीक मापांनी त्या काळी बुद्धी मोजण्याचा प्रयत्न चाले. बिनेला दिसले, की असल्या मापांत लहान मुले मोठ्या माणसांच्या फारशी मागे नसतात. फरक पडतो तो समजून घेण्यात, तुलना करण्यात, शब्दाचा अर्थ सांगण्यात. १९०३ साली त्याने मुलींवरील अभ्यासाचे पुस्तक काढले. त्यात दोघींची नावे बदलून घातली आहेत.

मध्यंतरी सॉर्बोन विद्यापीठातील मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्याला जागा मिळाली, तीही आधी बिनपगारी. काही वर्षांत तो तिचा संचालक झाला. १८९५ पासून त्याने एक वार्षिक नियतकालिक चालविले. प्राध्यापकाची खुर्ची मात्र त्याला फ्रान्समध्ये कधीच मिळाली नाही. १९०२ साली कोलेज द फ्रान्समध्ये जागा रिकामी झाली, तेव्हा बिनेला डावलून प्येर जाने ह्याची निवड झाली.

ह्या काळातील दोन गोष्टी सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. एक म्हणजे जाक इनोदी. हा इटलीतील मेंढपाळ पोर. मेंढ्या राखता राखता आकडेमोड शिकला आणि मोठमोठे गुणाकार तोंडी करून दाखवू लागला. विसाव्या वर्षापर्यंत त्याला लिहितावाचता येत नव्हते. १८९२ साली तो पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे उभा राहिला आणि बिनेने त्याचा बारकाईने अभ्यास केला. हिशेब करणारे लोक आकडे मनात फळ्यावर लिहिल्यासारखे पाहतात असा समज होता. इनोदी आकडे पाहत नव्हता, ते त्याला ऐकू येत. दुसरी गोष्ट डोक्यांची. मोठे डोके म्हणजे मोठी बुद्धी, असे थोर थोर शास्त्रज्ञ मानत. बिनेने शाळाशाळांतून हुशार आणि मागासलेल्या मुलांची डोकी मोजली. फरक निघाला तो एखाद्या मिलिमीटरचा. तेवढाही खरा की खोटा, अशी शंका त्याला आली. कारण हुशार मुलगा कोणता हे आधी ठाऊक असले की मोजणाऱ्याचा हात नकळत तिकडे झुकतो, आणि ह्यात आपलाही हात आहे, हे त्याने मोकळेपणाने कबूल केले. चुंबक तो विसरला नव्हता.

१९०० साली त्याने सूचनक्षमतेवर पुस्तक लिहिले. त्यातील एक प्रयोग असा. पुठ्ठ्यावर नाणे, बटण, तिकीट अशा काही वस्तू चिकटविल्या. मुलांना तो पुठ्ठा थोडा वेळ दाखविला आणि काढून घेतला. मग काही मुलांना आठवेल ते लिहायला सांगितले. काहींना सरळ प्रश्न विचारले, की बटण पुठ्ठ्याला कसे लावले होते. काहींना विचारले, की ते दोऱ्याने लावले नव्हते का. आणि काहींना दोरा होताच असे गृहीत धरून त्याचा रंग विचारला. दोरा मुळात नव्हताच. बटण डिंकाने चिकटविलेले होते! आपल्या मनाने लिहिणाऱ्यांच्या चुका थोड्या निघाल्या, आणि प्रश्नात जसजसे उत्तर मिसळत गेले तसतशा चुका वाढल्या. मुलांना गटाने विचारले, तर पहिल्याने दिलेले उत्तरच पुढचे उचलीत. साक्षीदाराला न्यायालयात प्रश्न कसे विचारावेत ह्याचे शास्त्र झाले पाहिजे, अशी मागणी बिनेने त्या वेळी केली. कायद्याची पदवी अगदीच वाया गेली नाही म्हणायची.

आता मुख्य कामाकडे येतो. फ्रान्समध्ये १८८२ च्या कायद्याने प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले. पूर्वी कधी शाळेची पायरी न चढलेली मुले वर्गात आली आणि त्यांतली काही मागे पडू लागली. अशा मुलांचे काय करावे हे ठरविण्यासाठी १९०४ साली सरकारने एक समिती नेमली व बिनेला तिच्यावर घेतले. तपासणी झाल्याशिवाय कोणत्याही मुलाला नेहमीच्या शाळेतून काढू नये, असे समितीने ठरविले. पण तपासायचे कसे? बिनेच्या जोडीला तेओदोर सिमों हा तरुण डॉक्टर होता. मंदबुद्धी मुलांच्या वसाहतीत त्याने काम केले होते. दोघांनी रुग्णालयांतील दाखले चाळले. एकाच मुलाला एका डॉक्टरने एक नाव दिलेले, दुसऱ्याने दुसरेच. शब्द तेच, पण प्रत्येकाच्या मनातला अर्थ वेगळा. कुणी चेहरा पाहून ठरवी, कुणी शिक्षकाच्या तक्रारीवरून. त्या एका शब्दावर मुलाने शाळेत जायचे की वेड्यांच्या इस्पितळात, हे ठरत असे.

बिने आणि सिमों ह्यांनी १९०५ साली तीस प्रश्नांची मालिका छापली. सोप्यापासून अवघडाकडे जाणारी. आरंभी जळत्या काडीकडे मूल डोळे फिरविते का हे पाहायचे. चॉकलेट आणि लाकडाचा तुकडा ह्यांतला फरक त्याला कळतो का हे पाहायचे. मग चित्रातल्या वस्तूंची नावे, तीन आकडे ऐकून पुन्हा म्हणणे, माशी आणि फुलपाखरू ह्यांतला भेद सांगणे, आणि शेवटी कंटाळा व दुःख ह्यांसारख्या अमूर्त शब्दांतील फरक. १९०८ साली त्यांनी दोनशे तीन मुलांना तपासून हे प्रश्न तीन ते तेरा वर्षे अशा वयांप्रमाणे लावले. सात वर्षांच्या बहुतेक मुलांना जे येते ते सातव्या वर्षाचे, अशी साधी रीत. मानसिक पातळीची कल्पना इथून आली.

पण प्रश्नांइतकाच, किंबहुना अधिक, मोलाचा भाग आहे तो प्रश्न विचारण्याच्या नियमांचा. खोली शांत असावी. मूल एकटे असावे. आईने किंवा शिक्षकाने शेजारी बसून खुणा करू नयेत. मुलाची भीती आधी घालवावी, गोड बोलावे, धीर द्यावा. प्रश्न मात्र छापला आहे त्याच शब्दांत विचारावा. समजावून सांगण्याच्या नादात उत्तर सुचवू नये. मुलाने चूक केली तरी ती दाखवू नये. कोणते उत्तर बरोबर धरायचे हे आधीच ठरलेले असावे, तपासणाऱ्याच्या लहरीवर नसावे. म्हणजे परीक्षा मुलाची असली तरी लगाम घातला होता तो परीक्षकालाच. संरचित मुलाखत म्हणून आपण आज जे शिकतो, त्याची हाडे इथे स्पष्ट दिसतात.

ह्या लगामातूनही एक गोष्ट निसटली. देक्रोली आणि देगां ह्यांनी ब्रुसेल्समधील सुखवस्तू घरांतील मुलांना हेच प्रश्न विचारले. पॅरिसच्या गरीब वस्तीतील मुलांपेक्षा ती सुमारे दीड वर्षाने पुढे निघाली. बिनेने हा आक्षेप झटकून टाकला नाही. आपल्या प्रश्नांत भाषेचा भाग फार आहे आणि भाषा घरी मिळते, हे त्याने ओळखले व १९११ च्या आवृत्तीत शाळेवर अवलंबून असलेले काही प्रश्न वगळले.

हे वाचताना मला माझा चुलत भाऊ आठवला. चौथीत असताना एक साहेब वर्ग तपासायला आले. त्यांनी त्याला उभे करून शेळी आणि मेंढी ह्यांतले साम्य विचारले. आमच्या घरी साठ-सत्तर मेंढरे. कुठले कोकरू कुठल्या मेंढीचे हे तो अंधारात आवाजावरून सांगे. पण साम्य हा शब्द आमच्या घरात कधी कोणी उच्चारलाच नव्हता. तो गप्प राहिला. साहेबांनी मंद असा शेरा दिला आणि गुरुजींनीही तो पुढे चालविला. सातवीनंतर तो मेंढरांमागे गेला. साहेबांच्या जागी बिने असता तर काय झाले असते असे मी म्हणत नाही. बिनेचे प्रश्नही शब्दांचेच होते. पण एका प्रश्नावर त्याने शेरा मारला नसता, एवढे नक्की.

कारण ह्या आकड्याचे काय करायचे ह्याविषयी बिनेचे मत स्वच्छ होते. पट्टीने लांबी मोजावी तशी बुद्धी मोजता येत नाही, हे तो वारंवार बजावतो. १९०९ साली लिहिलेल्या पुस्तकात तर, बुद्धी जन्मतः ठरलेली असून ती वाढविता येत नाही असे मानणाऱ्यांवर तो चांगलाच संतापला आहे. मागे पडलेल्या मुलांसाठी खास वर्ग निघाले, तिथे त्याने मनाचे व्यायाम सुरू केले. पुतळ्यासारखे स्तब्ध उभे राहण्याचा खेळ. फळ्यावर क्षणभर दाखविलेल्या वस्तू आठवण्याचा खेळ. आधी शिकायचे कसे ते शिकवा, मग व्याकरण, असा त्याचा क्रम. पॅरिसच्या कामगार वस्तीतील एका शाळेत त्याने १९०५ साली ह्यासाठी प्रयोगशाळाच उघडली होती.

एवढे सगळे करून हा गृहस्थ रात्री नाटके लिहीत असे! आंद्रे द लॉर्द ह्या नाटककाराबरोबर त्याने वेड, झपाटलेपण, भयंकर प्रयोग अशा विषयांवर भयनाट्ये लिहिली आणि ती पॅरिसच्या रंगभूमीवर गाजली. आपल्या पुस्तकांत ह्याचा उल्लेख नसतो, हे खरोखर नुकसान आहे.

१८ ऑक्टोबर १९११ रोजी, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, तो वारला. मापनश्रेणीची तिसरी आवृत्ती त्याच वर्षी निघाली होती.

पुढे जे झाले ते त्याला पाहावे लागले नाही. हेन्री गॉडर्डने ही श्रेणी अमेरिकेत नेली. १९१३ साली न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर, जहाजातून नुकत्याच उतरलेल्या थकल्या-भागल्या परदेशी लोकांना दुभाष्यामार्फत हे प्रश्न विचारले गेले आणि त्यांतील कित्येकांवर मंदबुद्धीचा शिक्का बसला. व्हर्जिनियात कॅरी बक ह्या तरुणीचे मानसिक वय नऊ असल्याचे न्यायालयात सांगण्यात आले आणि १९२७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीने तिचे सक्तीने निर्बीजीकरण झाले. मुलाला मदत कुठे लागते हे पाहण्यासाठी केलेले साधन माणसे निवडून टाकण्यासाठी वापरले गेले. १९६१ सालापर्यंत जगलेल्या सिमोंने बुद्ध्यंकाला मूळ हेतूचा विश्वासघात म्हटले.

मनोरुग्णांच्या बाबतीतही बिनेची जुनी तक्रार पुन्हा पुढे आली. न्यूयॉर्क आणि लंडन येथील डॉक्टर सारख्याच रुग्णांना वेगवेगळी नावे देतात, न्यूयॉर्कवाले छिन्नमनस्कता फार लवकर म्हणतात, असे दिसून आले. ठरावीक प्रश्नांची मुलाखत दोन्हीकडे सारखीच घेतल्यावर तो फरक बराचसा मावळला. हे निष्कर्ष १९७२ साली प्रसिद्ध झाले. जागतिक आरोग्य संघटनेने १९६६ साली छिन्नमनस्कतेचा जो नऊ देशांतील अभ्यास सुरू केला, त्यात ब्रिटनच्या जॉन विंग ह्यांची अशीच ठरावीक मुलाखत वापरली गेली. त्यातील एक केंद्र आपल्या देशात, आग्र्याला होते.

आणि बिने मराठीतही आला आहे. डॉ. व्ही. व्ही. कामत ह्यांनी १९३४ साली ह्या श्रेणीचे मराठी आणि कानडी रूपांतर सिद्ध केले, आणि १९४० साली भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावर पुस्तक लिहिले. बिने-कामत कसोटी म्हणून ती आजही दवाखान्यांतून वापरली जाते. बौद्धिक अक्षमतेचा दाखला मिळायचा असेल तर आपल्याकडच्या कित्येक मुलांना तिला सामोरे जावे लागते. इथे पुन्हा प्रश्न येतो तो कुठल्या मराठीत विचारायचे हा.

दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो तेव्हा चुलत भाऊ वाड्यावर मेंढरांना पाणी दाखवीत होता. बिनेने १९०८ साली अकरा वर्षांच्या मुलांसाठी एक प्रश्न ठेवला होता. तो मी आमच्या बोलीत त्याला सांगितला. एक पोरगा म्हणतो मला तीन भाऊ, आणि नावे घेताना दोन नावे घेऊन तिसरे स्वतःचेच घेतो. ह्यात काय चुकले, असे विचारायला मी तोंड उघडले, तोवर तो हसायला लागला होता. मग तो पोरगा स्वतःचाच भाऊ लागतो की काय, असे म्हणून त्याने पोहरा पुन्हा विहिरीत सोडला.